कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आगेमागे प्रतिकारशक्ती कशी जपायची

घरात कुणाला कॅन्सर निघाला की येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो: ‘टेन्शन घेऊ नकोस.’ सल्ला देणाऱ्याची माया खरी असते, पण रुग्णाला त्याचा उपयोग शून्य. उलट ‘आपण टेन्शन घेतोय म्हणून आजार वाढेल’ अशी आणखी एक धास्ती मनात बसते. मला या लेखात सांगायचंय ते वेगळं आहे. ऑपरेशनच्या आधीचे दोन-चार आठवडे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे शरीराची कॅन्सरविरुद्धची संरक्षणव्यवस्था खरोखरच कमजोर पडू शकते. मात्र तिच्यावर येणारा ताण फक्त मनातला नसतो. दुखणं, उपास, झोपमोड, थंडी, रक्तस्राव, तंबाखू, पैशाची विवंचना हे सगळं शरीर ताण म्हणूनच मोजतं. आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर घरच्यांना आणि डॉक्टरांना प्रत्यक्ष काही करता येतं.

आधी शरीरात काय चालतं ते

आपल्या रक्तात ‘नॅचरल किलर’ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. १९७५च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या स्वतंत्रपणे शोधल्या. एखादी पेशी बिघडली आहे हे ओळखून, आधी तिची ओळख नसतानाही, त्या तिला मारतात. गाठीतून सुटून रक्तात आलेल्या एकट्यादुकट्या कॅन्सरपेशींचा बंदोबस्त करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. अशा सुट्या पेशींपैकी बहुतेक मरतात. एखादी वाचली, फुप्फुसात किंवा यकृतात रुजली, तर तिथे दुसरी गाठ तयार होते.

ऑपरेशनच्या वेळी दोन गोष्टी एकदम घडतात. गाठ हाताळली गेल्यामुळे काही पेशी रक्तात सुटतात, आणि नेमक्या त्याच वेळी शरीर अॅड्रेनालिन, नॉरअॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल मोठ्या प्रमाणात सोडतं. जखमेतून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनंही बाहेर पडतात. नॅचरल किलर पेशींच्या पृष्ठभागावर या रसायनांना ओळखणारे ग्राहक असतात. तिथून संदेश गेला की त्या पेशी मंदावतात. मोठ्या ऑपरेशननंतर ही मंदी काही दिवस टिकते. तेल अवीव विद्यापीठातले शामगर बेन-एलियाहू १९९०च्या दशकापासून यावर काम करत आले आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांच्या गटाला दिसलं की ऑपरेशनच्या ताणाने फुप्फुसात कॅन्सर रुजण्याचं प्रमाण वाढतं, आणि अॅड्रेनालिन व प्रोस्टाग्लँडिन या दोघांना औषधाने अडवलं की ते कमी होतं.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’, ‘सुई टोचली की गाठ चिडते’ या समजुतीपायी आपल्याकडे माणसं बायोप्सी टाळतात, चार-सहा महिने कुठल्यातरी मुळीवर आणि लेपावर घालवतात, आणि परत येतात तेव्हा गाठ काढण्याजोगी राहिलेली नसते. वर सांगितलेल्या संशोधनाचा अर्थ ‘ऑपरेशन नको’ असा मुळीच नाही. गाठ आत राहिली तर ती रोजच्या रोज पेशी सोडत राहते. ऑपरेशन हाच बहुतेक घट्ट गाठींच्या कॅन्सरमधला बरं होण्याचा मुख्य मार्ग आहे. प्रश्न एवढाच, की त्या थोड्या दिवसांत शरीराला कमीत कमी धक्का कसा बसेल.

दुसरी गोष्ट. ‘मी इतकी वर्षं सगळ्यांचं मनाला लावून घेतलं म्हणून मला हे झालं’ असं अनेक बायका म्हणतात. युरोपातल्या एक लाख सोळा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामाचा ताण आणि कॅन्सर होणं यांच्यात संबंध आढळला नाही. तेव्हा आजाराचं खापर रुग्णाच्या स्वभावावर फोडू नका, आणि रुग्णानेही ते स्वतःवर घेऊ नये.

पहिली पायरी: तारीख मिळाल्यापासूनचे आठवडे

सुरुवात कागदपत्रांपासून करा. हे वाचून काहींना नवल वाटेल, पण रात्री दोन वाजता रुग्णाला जागं ठेवणारी गोष्ट बहुतेक वेळा ‘पैसे कुठून आणायचे’ हीच असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार, रेशनकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट यांच्या झेरॉक्सचा एक संच करून योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच आठवड्यात भेटा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथे ट्रस्टच्या मदतीचे अर्ज मिळतात. गावाहून मुंबईला टाटात येणार असाल तर राहण्याची सोय आधी बघा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना कितीतरी वर्षं आसरा देत आली आहे. फुटपाथवर काढलेल्या रात्रीनंतर ऑपरेशनला जाणारं शरीर आणि पंख्याखाली झोपून उठलेलं शरीर यांत फरक असतोच. घरातल्या एकाच माणसाकडे ही सगळी धावपळ सोपवा आणि रुग्णासमोर हिशेब मांडून बसू नका.

त्याच दिवशी तंबाखू बंद. विडी-सिगारेट, गुटखा, मावा आणि हो, मिश्रीसुद्धा. घरातल्या आजी-मावशांची मिश्री कुणी व्यसनात धरतच नाही, डॉक्टरांनी विचारलं तरी ‘नाही’ म्हणून सांगतात. ती तंबाखूच आहे. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे धूम्रपान बंद ठेवलं तर छातीचे त्रास आणि जखम चिघळणं कमी होतं. चार आठवडे हातात नसले तरी आज बंद करा. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. दारूही याच यादीत.

आता जेवण, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरोघरी सगळ्यात जास्त नुकसान पथ्याच्या नावाखाली होतं. ‘अंडं उष्ण’, ‘दही नको, जखम पिकेल’, ‘गोड खाल्लं की कॅन्सरला खाऊ मिळतो’, ‘डाळ जड पडते’ असं करत करत माणूस मऊ भात, साबुदाण्याची खीर आणि नारळपाण्यावर येतो. महिन्यात पाच-सहा किलो उतरतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी प्रथिनांपासून बनतात, जखमही प्रथिनांनीच भरते. कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ६५ ते ८० ग्रॅम.

हे आपल्या ताटात कसं बसतं ते पाहा. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध, की १८-१९ ग्रॅम झाले. दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर दही, की आणखी २०-२२. चारच्या सुमाराला शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू, ७-८. रात्री मासे, चिकन किंवा शंभर ग्रॅम पनीर, सोबत वरण-भात, की २२-२५. झाले सत्तर. अंडी-मासे चालत नसतील तर सोयाबीन, दूध, डाळी यांचं प्रमाण वाढवावं लागेल. भूक मेली असेल तर तीनदा पोटभर जेवण्याचा आग्रह धरू नका. दर दोन तासांनी चार घास द्या, पेजेत किंवा नाचणीच्या सत्त्वात दुधाची पावडर कालवा. तोंडाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर असून गिळता येत नसेल, किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता आहारतज्ज्ञाकडे जा. नाकातून नळी घालावी लागली तरी घाबरू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू दे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, पण उपाशी राहून नव्हे.

हिमोग्लोबिन पहिल्याच आठवड्यात तपासा. आपल्याकडच्या बायकांचं ते अनेकदा आठ-नऊ असतं आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावत-पळत रक्त चढवलं जातं. दुसऱ्याचं रक्त चढवल्यानेही प्रतिकारशक्तीवर काही काळ परिणाम होतो. हाताशी दोन-तीन आठवडे असतील तर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देता येईल का, हे विचारा. अर्थात रक्त द्यावंच लागलं तर नाही म्हणायचं नाही.

चालणं. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. इथे एक गंमतशीर शास्त्र आहे. व्यायामातही अॅड्रेनालिन वाढतं, पण ते थोड्या वेळापुरतं, आणि त्या झोताने नॅचरल किलर पेशी उलट रक्तात बाहेर पडतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की चाकावर धावणाऱ्या उंदरांमध्ये गाठींची वाढ साठ टक्क्यांहून जास्त कमी झाली, आणि या पेशी काढून टाकल्या तर तो फायदा उरला नाही. उंदरांचा आकडा माणसाला लावता येत नाही. पण अॅड्रेनालिन दिवसभर ठिबकत राहणं आणि अर्धा तास उसळून शांत होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं त्यातून कळतं. हाडात कॅन्सर असेल किंवा धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

झोपेबद्दल एक जुना प्रयोग फार बोलका आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत निरोगी पुरुषांना एका रात्री पहाटे तीनपासून सातपर्यंत जागं ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नॅचरल किलर पेशींची ताकद सरासरी २८ टक्क्यांनी उतरली होती. एका रात्रीच्या पूर्ण झोपेनंतर ती परत आली. म्हणून रात्री नऊनंतर रुग्णाला फोन नको, भेटायला येणारे नकोत, मोबाइलवर ‘स्टेज तीन म्हणजे किती दिवस’ असं शोधणं नको. तरीही झोप लागत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा. थोड्या दिवसांसाठी झोपेचं औषध घेणं यात कमीपणा नाही.

आणि काढे. गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, ‘इम्युनिटी बूस्टर’ची पाकिटं हे सगळं नातेवाईक प्रेमाने आणून देतात. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या नोंदीवर हरकत घेतली, पण ऑपरेशन आणि केमोच्या तोंडावर यकृताशी जुगार खेळण्यात अर्थ नाही. हळद, लसूण, आलं यांचे अर्क गोळ्यांच्या रूपात घेतले तर रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. आमटीतली हळद-लसूण बिनधास्त खा. बाटल्या आणि कॅप्सूल सगळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. लपवू मात्र नका.

दुसरी पायरी: भूलतज्ज्ञाला आणि सर्जनला काय विचारायचं

भूलपूर्व तपासणीला बहुतेक लोक गप्प बसून येतात. भूलतज्ज्ञ म्हणजे ‘झोपेचं इंजेक्शन देणारे’ एवढीच कल्पना असते. खरं तर ऑपरेशनच्या काळातला शरीराचा ताण सांभाळणं हे त्यांचंच काम. कागदावर प्रश्न लिहून न्या.

पहिला प्रश्न दुखण्याचा: ‘ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून काय देणार? नस बधिर करण्याची किंवा पाठीतल्या नळीची सोय होईल का?’ काही लोक ‘पेनकिलर कमी घ्या, त्याने प्रतिकारशक्ती मरते’ असं सांगतात. मॉर्फिन प्रयोगशाळेत या पेशींना थोडं दाबतं हे खरं, पण न थांबवलेलं दुखणं जास्त दाबतं. उंदरांवरच्या प्रयोगांत ऑपरेशनच्या वेळी मॉर्फिन दिल्यावर कॅन्सरचा फैलाव कमीच झाला. दात-ओठ खाऊन सहन करण्यात शौर्य नाही.

दुसरा, बधिर करण्याच्या तंत्राबद्दल. २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक स्तनकॅन्सरच्या रुग्णांवरची जागतिक चाचणी प्रसिद्ध झाली. मणक्याजवळची नस बधिर करून दिलेली भूल आणि नेहमीची वायूची भूल, दोन्हींत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण सुमारे दहा टक्के, सारखंच निघालं. त्यामुळे अमुकच भूल हवी असा हट्ट नको.

तिसरा प्रश्न फक्त स्तनाच्या कॅन्सरसाठी, आणि तो महाराष्ट्राने अभिमानाने विचारावा असा आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांमध्ये जवळपास १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. गाठ काढण्याच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच हे स्वस्त औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. रोग परत न येता जगणाऱ्यांचं ८२.६ वरून ८६.६ वर. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे प्रतिकारशक्तीपेक्षा कॅन्सरपेशीचं स्थलांतरच अडवण्याची कल्पना आहे, पण वेळ तीच, ऑपरेशनची. ‘डॉक्टर, लिग्नोकेनचं इंजेक्शन माझ्या बाबतीत चालेल का?’ एवढं विचारा. ज्यांना आधी केमो दिली होती अशा रुग्णांवर ही चाचणी नव्हती, हेही ध्यानात असू द्या.

चौथा, ताणाच्या औषधांचा. बेन-एलियाहूंच्या गटाने स्तनकॅन्सरच्या ३८ स्त्रियांना ऑपरेशनच्या पाच दिवस आधीपासून प्रोप्रॅनोलॉल (अॅड्रेनालिनला अडवणारं) आणि एटोडोलॅक (प्रोस्टाग्लँडिनला अडवणारं) ही दोन जुनी औषधं एकत्र दिली; नंतर मोठ्या आतड्याच्या ३४ रुग्णांना वीस दिवस दिली. गाठीच्या तुकड्यांतल्या पसरण्याच्या खुणा कमी झाल्या. आशा वाटावी असंच हे काम आहे, पण चाचण्या छोट्या आहेत आणि ही अजून नेहमीची उपचारपद्धती नाही. मेडिकलमधून प्रोप्रॅनोलॉल आणून स्वतःच सुरू करू नका. दम्याच्या रुग्णाचा त्याने श्वास कोंडू शकतो, नाडी फार मंदावू शकते, मधुमेह्याची साखर उतरलेली कळतच नाही. एटोडोलॅकच्या जातीच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उलट, रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी आधीपासून चालू असेल तर ती ऑपरेशनआधी मनाने एकदम बंदही करू नका.

तिसरी पायरी: आदला दिवस आणि ऑपरेशनचा दिवस

नेहमीचं चित्र असं: ‘रात्री दहानंतर पाणीही नाही’ असं सिस्टर सांगतात, यादीत नंबर चौथा असतो, आणि रुग्ण दुपारी अडीचला कोरड्या ओठांनी, डोकं ठणकत ट्रॉलीवर चढतो. सोळा तासांचा निर्जळी उपास हाही ताणच. आजचा सर्वमान्य नियम असा आहे की घन आहार आणि दूध सहा तास आधी बंद, पण साधं पाणी, बिनदुधाचा चहा, गर नसलेला गाळीव रस भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतो. आतडं अडलेलं असेल किंवा पोट हळू रिकामं होत असेल तर नियम वेगळा. म्हणून स्वतः ठरवू नका, आदल्या संध्याकाळी विचारा: ‘माझा नंबर कितवा? पाणी किती वाजेपर्यंत चालेल?’

थंडीचंही विचारा. ऑपरेशन थिएटर गार असतं आणि भुलेखाली शरीराला स्वतःची ऊब राखता येत नाही. १९९६ मध्ये आतड्याच्या २०० रुग्णांवरच्या चाचणीत थंड पडलेल्यांपैकी १९ टक्क्यांची जखम चिघळली, ऊबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांची. बाहेर थांबवलं असतानाच जाड चादर मागून घ्या, पायमोजे चालतात का विचारा. आत गरम हवेचं पांघरूण वापरणार का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारलेलं असलं तर उत्तम.

ट्रॉलीवर पडल्यावर श्वास: नाकाने चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा-सात मोजेपर्यंत बाहेर. हे आठवडाभर आधीपासून रोज दहा मिनिटं घोटलेलं असावं, आयत्या वेळी जमत नाही. नामस्मरण करणाऱ्यांनी ते या लयीत करावं. टाटामध्येच स्तनकॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी झाली. २०२२ च्या अखेरीस मांडलेल्या निष्कर्षांत रोगमुक्त जगण्यात सुमारे १५ टक्के सापेक्ष सुधारणा दिसली. त्यात आसनं सौम्य होती, प्राणायाम आणि विश्रांती होती, शीर्षासन नव्हे.

चौथी पायरी: ऑपरेशननंतर

दुखण्याचं औषध वेळेवर घ्या, कळ उठण्याची वाट पाहू नका. सिस्टरनी ‘दहापैकी किती दुखतंय?’ विचारलं की ‘बरंय’ असं उत्तर न देता आकडा सांगा. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खाटेवरून पाय खाली. ड्रेनची पिशवी हातात धरून वॉर्डच्या टोकापर्यंत आणि परत. तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर ते उशाशी शोभेला ठेवू नका; जागेपणी दर तासाला दहा वेळा, फुंकायचं नाही, ओढायचं. डोळ्यांवर पट्टी आणि कानात बोळे घेऊन झोपा, कारण वॉर्डात दिवे आणि मशिनचे आवाज रात्रभर असतात.

भेटायला येणाऱ्यांना दाराशीच थांबवणारं एक खंबीर माणूस हवं. सर्दी-खोकला असणारा कुणीही आत नको. ‘आमच्या शेजारच्यांचंही असंच झालं होतं, मग…’ असं सुरू करणाराही नको.

रडू येत असेल, काहीच नको वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट मागा. समूह-उपचारांनी आयुष्य वाढतं का, यावर संशोधन दोन्ही बाजूंनी बोलतं. ओहायोत २२७ स्त्रियांच्या चाचणीत रोग परत येण्याचं प्रमाण कमी झालं. कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही, पण दुखणं आणि मनाचा त्रास कमी झाला. माझ्या मते तेवढंही पुरेसं कारण आहे.

पाचवी पायरी: केमो किंवा रेडिएशन वेळेवर

‘जरा अंगात ताकद येऊ दे, मग केमो’ म्हणून महिने ढकलू नका. ज्या सुट्या पेशी शरीराला मारता आल्या नाहीत त्यांच्यासाठीच ती असते. जखम भरली की ठरलेली तारीख पाळा. फ्लूची निष्क्रिय लस केव्हा घ्यावी ते विचारा. जिवंत विषाणूंच्या लसी केमोत चालत नाहीत.

घरात थर्मामीटर हवाच. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात आणि तासातासाला फरक पडतो. रात्र असली तरी गाडी काढा, केमोची फाइल घ्या आणि तातडीच्या विभागात पोचल्या पोचल्या सांगा: ‘केमो चालू आहे, ताप आलाय.’ रुग्णालयाचा रात्रीचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.